डनहॅम म्हणत नाही

जुन्या काळी अमेरिकेतल्या कॉलेजांत जो फुटबॉल खेळत, त्यात हातात चेंडू घेऊन धावणाऱ्याला कुणी पाडलं तरी खेळ आपोआप थांबत नसे. पाडणाऱ्यानं ‘धरला’ असं ओरडायचं आणि पडलेल्यानं स्वतःच्या तोंडानं ‘डाऊन’, म्हणजे ‘पडलो’, म्हणायचं, असा त्या वेळचा नियम होता. तो शब्द उच्चारला जाईपर्यंत चेंडू जिवंत. तोवर पडलेल्याच्या बाजूचे त्याला मागून पुढे ढकलणार, समोरचे त्याला मागे रेटणार, आणि उरलेले वरून अंगावर पडणार. पंच शिट्टी ओठांत धरून, कान देऊन उभा असे. तो शब्द दुसऱ्या कुणी म्हणून चालत नसे, आणि त्याच्याऐवजी दुसरा शब्दही चालत नसे.

ऑरिन डनहॅमला हा नियम कॉलेजात आल्यावर कळला. तो व्हरमाँटच्या डोंगरातल्या, मेंढ्या पाळणाऱ्या घरातला. ॲशबर्न कॉलेजात पोचला त्या दिवशी वसतिगृहाच्या जिन्यावरून आपली लोखंडी शेगडी पाठीवर घेऊन तो एकटाच वर चढत होता, ते फुटबॉल संघाचा कप्तान थॅक्स्टर यानं पाहिलं. थॅक्स्टर शेवटच्या वर्षाला होता. बोस्टनच्या जहाजमालकाचा मुलगा. माणसाकडे आधी खांद्यापासून पाहायला सुरुवात करायचा.

“काय खाऊन वाढलास रे तू?”

“मक्याची भाकरी.”

“नाव?”

“ऑरिन.”

“पुढे?”

ऑरिननं तोंड उघडलं आणि तो थांबला. पाठीवर एवढं ओझं होतं की त्या थांबण्याचं कुणाला काही वाटलं नाही. थॅक्स्टरनं वाकून शेगडीच्या दारावर खडूनं लिहिलेलं आडनाव वाचलं.

“डनहॅम. उद्या दुपारी मैदानावर ये, डनहॅम. आणि केस कापू नकोस. खेळताना डोकं वाचवायला आमच्याकडे तेवढीच टोपी असते.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात चेंडू दिला आणि समोरच्या रांगेत घुसायला सांगितलं. तो घुसला. दोघांनी त्याच्या कमरेला मिठी मारली, तिसऱ्यानं मान धरली, तो पडला, आणि त्याच्यावर माणसं पडत गेली. कुणीतरी ‘धरला!’ असं ओरडलं. ऑरिननं जीभ टाळूला लावली. शब्द निघाला नाही. मागून रेटा आला, तसा तो चेंडूसकट गवतावरून पुढे घसरला. आणखी एक रेटा, आणखी थोडा पुढे. शेवटी ढीग आपल्याच वजनानं कोसळून बाजूला झाला तेव्हा तो उठून बसला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

थॅक्स्टर त्याच्याकडे पाहतच राहिला.

“म्हटलं नाहीस,” तो हळू आवाजात म्हणाला. मग वळून इतरांना म्हणाला, “पाहिलंत? तोंडातून ब्र काढला नाही पठ्ठ्यानं. तुम्ही लोक गुडघा टेकायच्या आधी डाऊन डाऊन करून बोंबलता.”

ऑरिननं बाहीनं नाक पुसलं. काय झालं ते सांगायचं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण ते सांगायलाही तोच शब्द लागत होता.

त्याचं अडखळणं ऐकू येण्यासारखं नव्हतं. गावच्या शाळेत दुसरा एक मुलगा होता, त्याचा प्रत्येक शब्द बाहेर पडण्याआधी तीन-चार वेळा आपटायचा आणि सगळी शाळा हसायची. ऑरिनचं तसं नव्हतं. काही अक्षरांपाशी त्याचा आवाज नुसता थांबायचा. ड म्हणताना जीभ वर टेकते, तिच्यामागे हवा दाटते, मग जीभ सुटते आणि आवाज बाहेर पडतो. त्याची जीभ टेकायची, हवा दाटायची आणि सुटायचं तेवढं राहून जायचं. मास्तरांनी त्याला गालात अक्रोड धरून मोठ्यानं वाचायला लावलं होतं; त्यातून तो अक्रोड न गिळता वाचायला शिकला, एवढंच. पुढे त्यानं स्वतःच उपाय शोधला. अडणारा शब्द दुरूनच दिसायचा, आणि तो वेळीच वळून दुसऱ्या वाटेनं जायचा. डॉक्टर म्हणायची वेळ आली की ‘औषध देणारे’ म्हणायचा. डिसेंबरला ‘नाताळचा महिना’ म्हणायचा. कॉलेजात त्यानं शास्त्राची शाखा घेतली, कारण रसायनाच्या वर्गात उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची असत.

बाहेरून पाहणाऱ्याला दिसे तो एक उंच मुलगा, बोलण्याआधी थांबून विचार करणारा. त्या मुलखात कमी बोलणं हा गुण धरला जाई. व्हरमाँटचा माणूस हवापाण्याबद्दलसुद्धा तोलून बोलतो, असं लोक कौतुकानं म्हणत. त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

ऑक्टोबर संपेपर्यंत ॲशबर्न एकही सामना हरलं नव्हतं, आणि निम्म्याहून अधिक गुण ऑरिनच्या पायांचे होते. खरं तर पाठीमागून ढकलणाऱ्यांचे होते. इतर खेळाडू पडले की दोन शब्दांत खेळ संपायचा. ऑरिन पडला की खेळ सुरू व्हायचा. दोरीपलीकडे उभे असलेले विद्यार्थी एका सुरात विचारायचे, “कोण म्हणत नाही?” आणि दुसरी बाजू गर्जायची, “डनहॅम म्हणत नाही!” गावातल्या न्हाव्यानं त्याचे वाढलेले केस कौतुकानं हातात घेऊन पाहिले. रविवारी कॉलेजच्या अध्यक्षांनी संयमावर प्रवचन दिलं आणि बोलता बोलता नजर त्याच्या बाकावर आणून ठेवली.

आपण लोकांना फसवतो आहोत असं ऑरिनला सुरुवातीला वाटलं. मग ते वाटणं कमी होत गेलं. जन्मभर जी गोष्ट लपवली, तिच्याबद्दलच लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते, आणि त्या थापेची सवय फार लवकर लागते.

त्याच्या खोलीत त्याच्यासोबत लायमन पीस्ली राहायचा. मेन राज्याच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा मुलगा. बुटका, रुंद, आणि बोलायला लागला की थांबवावा लागणारा. संघातही तो ऑरिनच्या शेजारीच खेळायचा. तो दोघांच्या वाटचं बोलायचा, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. आठवडाभर संघाच्या पंगतीत अर्धकच्चं गोमांस आणि शिळा पाव चावून झाला की शनिवारी रात्रीच्या जेवणात काकवी घालून भट्टीत शिजवलेले घेवड्याचे दाणे मिळायचे, तेव्हा लायमन ताटाकडे पाहून प्रार्थना लांबवायचा आणि मार खायचा.

नोव्हेंबरातल्या एका सामन्यात पावसानं मैदानाचा चिखल झाला होता. ऑरिन पडला, आणि त्या वेळी लायमन त्याच्याखाली सापडला. गालाला गाल भिडलेला, हलायला जागा नाही. वरून वजन येत होतं. ऑरिनच्या बरगडीत काहीतरी कडकन वाजलं. ढीग मोकळा झाल्यावर लायमन काहीच बोलला नाही. तसं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत तो ऑरिनच्या छातीला फ्लॅनेलची पट्टी गुंडाळत होता.

“श्वास घे. मोठा.”

“घेतला.”

“हा मोठा? कोंबडी याहून मोठा घेते.” लायमननं पट्टी ओढून गाठ मारली आणि गाठीकडेच पाहत म्हणाला, “काल तुझं तोंड माझ्या कानाशी होतं.”

ऑरिन सदऱ्याची बटणं लावू लागला.

“तू म्हणत नाहीस असं नाहीये, ऑरिन. तू म्हणायला बघत होतास. तुझ्या घशात नुसती खटपट चालली होती. माझे काका वल्ह्याच्या तडाख्यानं जीभ तुटल्यावर तसं करायचे.”

“माझी जीभ शाबूत आहे.”

“मग म्हण बघू. आत्ता. इथं कोणी नाही.”

ऑरिननं खिडकीकडे पाहिलं. त्यानं प्रयत्नही केला नाही, आणि लायमनला तेवढं उत्तर पुरलं. तो खाटेवर बसला.

“किती दिवस?”

“बोलायला लागल्यापासून.”

“अरे देवा! आणि आम्ही ते गाणं म्हणतोय.” त्यानं डोक्याला हात लावला. “मी थॅक्स्टरला सांगतो. पंचाशी बोलून ठेवू. सांगू, हा शब्दाऐवजी हात वर करील.”

“सगळ्यांच्या खाली हात कसा वर करू?”

लायमनला इच्छा नसताना हसू आलं. मग ते ओसरलं. “तर मग खेळू नकोस. बरगडी मोडलीय, हे खोटंही नाही. पुढच्या वेळी ती आत घुसली तर?”

ऑरिननं उत्तराला वेळ घेतला. शब्द अडत नव्हते. यापूर्वी ते कुणापुढे मांडले नव्हते, म्हणून वेळ लागत होता.

“घरी मी थांबलो की बाबा माझं वाक्य पुरं करतात. आई करते. वाण्याच्या दुकानात गेलो तर वाणी करतो, आणि मला नको असलेली वस्तू हातात ठेवतो. मी तीच घेऊन घरी येतो. इथं मी थांबलो की सगळे गप्प होऊन वाट पाहतात. कप्तानसुद्धा. का पाहतात ते मला माहीत आहे, लायमन. पण पाहतात. हे कळलं तर उद्यापासून इथंही सगळे माझ्या तोंडचे शब्द पुरे करायला लागतील. तू कुणाला सांगणार नाहीस. मला वचन हवंय.”

“माझ्यासारख्या बडबड्याकडून?”

“हो.”

“तुझं डोकं ठिकाणावर नाही.” लायमन उठला, खिडकीशी गेला, परत आला. “दिलं. पण हे काही शहाणपणाचं नाही, एवढं ऐकून ठेव.”

हॅलॉक कॉलेजाविरुद्धचा सामना हंगामातला शेवटचा. तो कृतज्ञतेच्या सणाच्या, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, ॲशबर्नच्याच मैदानावर होता. शेतकरी गाड्या जोडून आले होते, गाड्यांत बायका उबेसाठी मांडीवर गरम विटा घेऊन बसल्या होत्या. हॅलॉकचे खेळाडू कॅनव्हासच्या कोटांना चरबी चोळून उतरले, धरणाऱ्याचे हात घसरावेत म्हणून. त्यांच्या रांगेतला एक तांबड्या केसांचा धिप्पाड मुलगा पहिल्यापासून ऑरिनच्या समोर येऊन उभा राहत होता.

“आज तुझ्या तोंडून काढणार, डनहॅम. आम्ही पैजा लावून आलोय. आईला हाका मारत म्हणशील.”

“आधी तुझ्या तोंडातून तो कांदा काढ,” लायमन म्हणाला. “आमच्या गावात मेलेले मासे याहून बरे असतात.”

“तुला कोण विचारतंय, बुटक्या? तो मुका आहे का?”

ऑरिननं खाली पाहून बुटाचा बंद आवळला.

त्यांचा बेत काय होता ते लवकरच कळलं. ऑरिन पडला की ते त्याला मागे रेटण्याच्या भानगडीत पडत नव्हते. सरळ त्याच्यावर झोपत होते, गुडघे आणि कोपरं खाली ठेवून, आणि मोठ्यानं ‘म्हण! म्हण!’ करत होते. पहिल्या डावात तीन वेळा असं झालं. तिन्ही वेळा ढीग आपसूक फुटला, आणि तिन्ही वेळा दोरीपलीकडून ती गर्जना झाली. मध्यंतरात ऑरिन भिंतीला टेकून उभा होता, कारण बसलं की उठताना दुखत होतं. लायमननं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या डावाच्या अखेरीस हॅलॉक दोन गुणांनी पुढे होतं. उजेड कमी होत चालला होता. चेंडू ॲशबर्नकडे होता आणि हॅलॉकची शेवटची रेघ अगदी समोर होती. एका माणसाची लांबी, फार तर थोडी जास्त. चेंडू तिच्यापलीकडे गेला की सामना ॲशबर्नचा. दोन प्रयत्न वाया गेले होते, तिसरा शिल्लक होता. तोही फसला तर चेंडू हॅलॉकला जाणार.

थॅक्स्टरनं सगळ्यांना जवळ घेतलं. त्याचा कान फाटला होता आणि तो आनंदात होता.

“ऐका. डनहॅमला द्यायचा. सगळे त्याच्या मागून. तो पडला तरी पाय थांबवायचे नाहीत. तो म्हणेपर्यंत ढकलायचं,” त्यानं ऑरिनच्या मानेवर हात ठेवला, “आणि तो काही म्हणत नाही.”

ऑरिन मान खाली घालून धावला. रांग फुटली, मग मिटली. तांबड्या केसांच्या मुलानं त्याच्या मांड्यांना मिठी मारली, तो आडवा पडला, चेंडू पोटाशी. ‘धरला!’ मागून पहिला रेटा आला आणि तो एक हात पुढे सरकला. वरून माणसं पडू लागली. उजेड गेला. गवताचा, चरबीचा, ओल्या कॅनव्हासचा वास तेवढा राहिला. त्याच्या पाठीत कुणाचा तरी खांदा रुतला होता. तो थॅक्स्टरचा आहे हे त्याला ओळखू आलं, कारण थॅक्स्टर ढकलताना प्रत्येक रेट्याला ‘हां’ करायचा. हां. वीतभर. हां. आणखी वीतभर.

समोरून कुणीतरी गुडघा आणला आणि तो बरोबर पट्टीवर बसला. पट्टीखालचं हाड आत सरकल्याचं ऑरिनला कळलं. ते दुखणं नव्हतं. आत एक जागा होती ती नाहीशी झाली, एवढंच. त्यानं श्वास घ्यायचा प्रयत्न केला. छाती वर उचलायला जागाच नव्हती. म्हणजे आता आत आहे तेवढीच हवा, ती संपली की संपलं.

त्यानं जीभ टाळूला लावली.

हवा जिभेमागे येऊन थांबली. त्यानं जीभ सोडवून पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग तो सवयीनं दुसरी वाट शोधू लागला. ‘थांबा,’ तो म्हणाला. तो शब्द सहज निघाला, पण त्या शब्दासाठी कुणी कान दिलेला नव्हता, आणि वर वीस गळे ओरडत होते. त्यात थोडी हवा खर्च झाली. हां. त्याच्या डोळ्यांपुढे पिवळे ठिपके फिरू लागले. आपण आता मरणार, आणि हे लोक ते आपलं धैर्य समजणार, हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं. त्याला राग आला नाही. फक्त वाटलं की हे फार चुकीचं आहे, आणि ते दुरुस्त करायला आपल्याजवळ आता हवा नाही.

“डाऊन!”

एका क्षणासाठी त्याला वाटलं, तो शब्द आपलाच.

“डाऊन! डाऊन! डाऊन!”

शिट्टी वाजली. ती वाजतच राहिली. वजन एकेक करत उतरलं, उजेड आला, हवा आली आणि आत जाताना सुरीसारखी लागली. चेंडू त्याच्या पोटाशीच होता. चेंडूच्या टोकापासून पांढरी रेघ वीतभर लांब होती.

ढिगातला आवाज डनहॅमचाच धरून पंचानं हात हॅलॉककडे दाखवला. तांबड्या केसांचा मुलगा उड्या मारत दोरीकडे धावला, “म्हणाला! डनहॅम म्हणाला!” गाड्यांमधल्या लोकांत एक विचित्र शांतता होती. हॅलॉकनं चेंडू लांब लाथाडला, आणि थोड्या वेळानं अंधार पडला म्हणून पंचानं सामना संपवला.

व्यायामशाळेच्या तळघरात संघाची कपडे बदलायची जागा होती. मध्ये शेगडी, भिंतीला बाकं, कोपऱ्यात गरम पाण्याचं पिंप. कुणीही पाण्याकडे गेलं नाही. थॅक्स्टर दाराला पाठ लावून उभा राहिला.

“कोण ओरडलं?”



“तो डनहॅमचा आवाज नव्हता,” क्रेन म्हणाला. तो रांगेत उजवीकडे खेळायचा. “मेनचा हेल होता त्याला. मासळीबाजारातला.”

सगळ्यांच्या माना लायमनकडे वळल्या. लायमन बाकावर बसला होता आणि बुटांच्या टाचांमधला चिखल काडीनं काढत होता.

“पीस्ली?”

“मला दुखत होतं,” लायमन म्हणाला.

“काय?”

“मी खाली सापडलो होतो. मला दुखत होतं. ओरडलो.”

“वीतभर राहिलं होतं!” थॅक्स्टरचा आवाज फुटला. “चेंडू तुझ्याकडे नव्हता. तो शब्द तुझा नव्हता! ज्याचा होता तो मरत होता तरी म्हणत नव्हता, आणि तू दुखलं म्हणून...” त्याला पुढचं सापडेना. “हॅलॉकला जाऊन राहा. तिथं तुझी आरती करतील. कोट काढून ठेव इथं. या कॉलेजात तुझ्याशी कोण बोलतो तेच मी बघतो.”

“भेकड,” कुणीतरी मागून म्हणालं.

लायमननं कोटाच्या नाड्या सोडायला घेतल्या. बोलायला लागला की न थांबणारा माणूस, पण आता त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. त्यानं ऑरिनकडे पाहिलंही नाही, आणि ते न पाहणं म्हणजे वचन होतं.

“मी ओरडलो,” ऑरिन म्हणाला.

थॅक्स्टरनं त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग निवळला; जवळजवळ माया होती तिथं. “मित्रासाठी खोटं बोलतोयस. चांगलं आहे, तुला शोभतं. पण तू म्हणत नाहीस, डनहॅम. हे सगळ्यांना माहीत आहे.”

“मीच ओरडलो.”

“बस खाली. तुला उभं राहवत नाहीये.”

ऑरिन बसला नाही. आपलं खोटं कुणी ऐकणार नाही हे त्याच्या ध्यानात आलं, कारण आधीचं खोटं सगळ्यांना पाठ झालं होतं. लायमननं एक नाडी सोडली होती आणि दुसरीशी झटत होता. ती सुटली की तो दारातून बाहेर जाणार, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं जिन्यात, वर्गात, पंगतीत लोक त्याच्याकडे पाठ करणार.

ऑरिननं बाकाची कड धरली.

“ऐका,” तो म्हणाला. “सगळे ऐका.”

मग त्यानं जीभ टाळूला लावली.

सगळे पाहत होते. त्याचे ओठ थोडे उघडले होते, हनुवटी पुढे आली होती, आणि काहीही ऐकू येत नव्हतं. शेगडीत लाकूड तडकलं. बाहेर, लांबवर, हॅलॉकची पोरं गात निघाली होती. क्रेन हसला, कारण काहीतरी गंमत असावी असं त्याला वाटलं. मग दुसरं कुणी हसलं नाही म्हणून तो थांबला. ऑरिनच्या मानेवरची शीर वर आली. कपाळावर घाम जमला. त्यानं श्वास घेतला, कळ आली म्हणून डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. माणूस बंद दार ढकलत असावा आणि दाराचाही आवाज येऊ नये, असं ते दिसत होतं.

“त्याला काय झालंय?” कुणीतरी कुजबुजलं. “तो डाऊ...”

“गप्प!” लायमन म्हणाला. “म्हणू दे त्याला.”

ऑरिननं तिसऱ्यांदा सुरुवात केली. आता कुणी हलत नव्हतं. प्रत्येकानं कधी ना कधी त्याच्या पाठीत खांदा दिला होता. हा वेळ त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांनी आजवर बाहेरून पाहिला होता, ओरडत, मोजत, जिंकत. आतून तो असा होता. थॅक्स्टरनं दाराला टेकलेली पाठ सोडवली. तो एक पाऊल पुढे आला आणि तिथंच थांबला.

“डाऊन,” ऑरिन म्हणाला.

आवाज लहानच होता.

थॅक्स्टरच्या फाटक्या कानातून रक्त गळपट्टीवर उतरत होतं, त्याला त्याचं भान नव्हतं. “दर वेळी?” त्यानं विचारलं.

“हो.”

“त्या पहिल्या दिवशी?”

“हो.”

“आज मी...” थॅक्स्टर थांबला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्याच्या हातांवरून कळत होतं. त्यानं ते नकळत पुढे धरले होते, ढकलताना धरतात तसे. “आज तू काही म्हणालास?”

“थांबा म्हणालो.”

बाकावरचा कुणीतरी उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“मला सांगायचं होतंस,” थॅक्स्टर म्हणाला.

“सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतंस.”

थॅक्स्टरनं यावर विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि तसं तो बोलला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता.

“हो,” तो म्हणाला. “बसवलं असतं.”

लायमननं आपल्या नाड्या तशाच राहू दिल्या, खिशातला चाकू काढला आणि ऑरिनच्या कोटाच्या नाड्या खालून वर कापत नेल्या. कोट उघडल्यावर पट्टी दिसली, आणि पट्टीवरचा काळसर डाग. थॅक्स्टरनं आपला गरम कोट खुंटीवरून काढून बाकावर अंथरला, आणि क्रेन न सांगता डॉक्टरांना आणायला धावला.

त्यानं दार उघडताच बाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांतला एकजण आत डोकावला. गाणारी, गर्जणारी ती सगळी मंडळी तिथंच थंडीत ताटकळत होती.

“डनहॅम कसा आहे?” त्यानं विचारलं. “आम्हाला काय सांगू? खरंच तो म्हणाला का?”

थॅक्स्टरनं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. लायमननं चाकू मिटून खिशात टाकला.  सगळे ऑरिनकडे वळून वाट पाहत उभे राहिले.